काचेतले ओठ

शुक्रवार, १२ ऑक्टोबर १९५१

ही वही मॅव्हिसनं दिली. गिरणीतली जुनी नमुन्यांची वही आहे. पुढच्या पानांवर कापडाचे तुकडे डकवलेले, मागची सगळी कोरी. म्हणाली, "आजी, दिवसभर भिंतीशी बोलतेस, त्यापेक्षा हिच्याशी बोल." मॅव्हिस माझ्या लेकीची लेक. लेक गेली तेव्हा ही चार वर्षांची होती, आता एकोणीस पूर्ण झाली आणि चार माग सांभाळते. मीही गिरणीच्या त्याच शेडमध्ये, मागांवर, बावन्न वर्षं काढली. अकराव्या वर्षी सकाळी गिरणी आणि दुपारी शाळा असं सुरू झालं. दुपारी बाकावर डोकं ठेवलं की डोळा लागायचा, त्यामुळे माझी अक्षरं अर्धीच राहिली. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. वाचणार कोण म्हणा.

आज लिहायला कारण आहे. डोंगरावर दोन वर्षं बांधत होते तो होम मॉसचा टेलिव्हिजनचा मनोरा आज सुरू झाला. आजवर टेलिव्हिजन लंडनकडच्या लोकांचा, मग इंग्लंडच्या मधल्या भागातल्या लोकांचा, आता आमचा उत्तरेचा. विजेच्या दुकानदारानं खिडकीत एक पेटी लावली होती. सगळं गाव पावसात उभं. पण दुकानाला कुलूप, आवाज आत आणि आम्ही बाहेर. चित्रातला माणूस तोंड हलवतोय आणि लोक नुसते बघतायत.

मला तर सगळं ऐकू येत होतं. म्हणजे दिसत होतं.

मागाच्या धडधडाटात माणसाचा आवाज पोचत नाही, म्हणून शेडमधल्या आम्ही बायका ओठांनी बोलतो. आवाज न काढता. या टोकाची त्या टोकाच्या बाईला तिच्या सुनेची खबर विचारू शकते. माझे कान गिरणीनं कधीच ठेवून घेतले, रेडिओ मला लाकडाच्या खोक्यासारखा. पण ही पेटी. मी मोठ्यानं सांगत गेले, आता तो आभार मानतोय, आता म्हणतोय उत्तरेसाठी मोठा दिवस. लोकांनी मला पुढे ढकललं. चित्रात मागे एक मोठ्या टोपीवाली बाई बसली होती, ती शेजारणीला म्हणाली, माझे बूट चावतायत. तेही मी सांगितलं. लोक हसून हसून खाली बसले. पेटीतून ते कुणालाच ऐकू गेलं नसेल, फक्त मला.

इतका छान दिवस कित्येक वर्षांत गेला नव्हता.

रविवार, १४ ऑक्टोबर

चॅपेलमध्येही सगळे मनोऱ्याबद्दलच बोलत होते. पाद्रीबुवा म्हणाले मन विचलित होईल. माझं झालंय.

मॅव्हिसनं विचारलं, ओठबोलीत भांडण कसं करायचात तुम्ही, ओरडता तर येत नाही. सांगितलं तिला. तोंड फिरवायचं. समोरचीनं पाठ फिरवली की तुझं एक अक्षर तिच्यापर्यंत पोचत नाही आणि तिचं तुझ्यापर्यंत. शेडमध्ये याहून मोठी शिक्षा नाही. डोरकास म्हणून एक होती, तिच्याकडे तीन आठवडे सगळ्यांनी पाठ फिरवली होती. कारण काय, तर एका मुलीचं ओठांवरचं बोलणं लांबून वाचून तिनं घरी नवऱ्याला सांगितलं. शेडमध्ये वाचलेलं शेडबाहेर न्यायचं नाही, हा आमचा नियम. तो कुणी लिहिलेला नाही. डोरकास पुढे गाव सोडून गेली. वाईट वाटलं होतं, पण पाठ मीही फिरवली होती.

शनिवार, २४ नोव्हेंबर

काय लिहू. पेटी माझ्या घरात आहे.

विल्फनं आणली. विल्फ माझा मुलगा, मॅव्हिसचा मामा. जॉबर होता, मागांवरच्या बायकांचा मुकादम, आता नव्या मालकानं त्याला सगळ्या जॉबरांच्या वर नेमलंय. नवा मालक पेल्हमसाहेब, उन्हाळ्यात दक्षिणेतून आला, गिरणी विकत घेतली. विल्फनं टोपी बदलली, आता कडक बोलर घालतो. दोन माणसं पेटी उचलून आणत होती आणि हा मागून सांगत होता, हळू, हळू, आईची आहे. सगळी गल्ली दारात आली होती.

मी म्हटलं, "अरे, एवढं कशाला?"

तो माझ्याकडे तोंड करून, लहानपणी मी शिकवलं तसं एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "आई, तू आमच्यासाठी कान घालवलेस. मी एवढंही करू नये?"

मी रडले. मग त्याला म्हटलं, पाय पुस.

शुक्रवार, ७ डिसेंबर

विल्फ आता दर शुक्रवारी येतो. पूर्वी नाताळ आणि ईस्टरला यायचा. वर्तमानपत्रात गुंडाळलेला तळलेला मासा आणि बटाटे आणतो, व्हिनेगर जास्त घालून, मला आवडतं तसं. मॅव्हिस शुक्रवारी गाण्याच्या तालमीला जाते, म्हणून आम्ही दोघंच. मी जेवते आणि तो गल्लीची हालहवाल विचारतो. एवढा मोठा माणूस झाला, पण त्याला कोण काय म्हणालं ते ऐकायला अजून आवडतं. बापासारखाच.

माझ्या खिडकीतून सहकारी दुकानाची रांग दिसते आणि चॅपेलचं फाटकही. मला बसल्या जागी सगळं कळतं. आज सांगितलं त्याला, सेलिना साइक्स रांगेत म्हणत होती की गोदामात नवं सूत येतच नाहीये, मालकाच्या मनात काहीतरी आहे, नव्या वर्षात हडर्सफील्डला जाऊन युनियनच्या मोठ्या माणसाला भेटणार. सेलिना समोरच राहते. माझ्या शेजारच्या मागावर तीस वर्षं होती, युनियनची वर्गणी तीच गोळा करते.

विल्फ म्हणाला, "कधी जाणार म्हणाली?"

मी म्हटलं, "पहिल्या शनिवारी. का रे?"

"सहज. तिला गाडीनं सोडलं असतं."

मनानं चांगलाय. सांगताना डोरकासची आठवण झाली, पण ही काही शेड नाही आणि मुलगा काही परका नाही.

शुक्रवार, ११ जानेवारी १९५२

सेलिनाला कामावरून काढलं. कापडात डाग सापडले म्हणे, तीन ठाणांत. अख्ख्या हयातीत जिच्या कापडात गाठ सापडली नाही तिच्या. हडर्सफील्डला जायचा शनिवार उजाडायच्या आधीच. मग ती गेलीच नाही, कामावर नसलेल्या बाईचं कोण ऐकणार म्हणाली.

एकेकाचं नशीब असतं. मी तिला पार्किन, आल्याचा केक, करून नेला, काकवी जास्त घालून. ती मला नावानं हाक मारून म्हणाली, "झिले, तुझ्या विल्फला सांग ना, तो मालकाच्या कानाशी असतो." मी म्हटलं, सांगते. रात्री विल्फ आला तेव्हा सांगितलं. त्यानं मान हलवली आणि मासा नीट सोलून दिला मला, काटे काढून.

बुधवार, ६ फेब्रुवारी

राजा गेला. पेटी बंद. नुसतं घड्याळ दाखवतात. घड्याळाला ओठ नसतात. लवकर झोपले.

रविवार, १६ मार्च

मोठी बातमी. बीबीसीच्या गाड्या आमच्या गिरणीत येणार. सत्तावीस तारखेला संध्याकाळी थेट आमच्या शेडमधून दाखवणार, उत्तरेतली माणसं कशी काम करतात ते. शेड खास चालू ठेवणार आहेत. मॅव्हिसला पहिल्या रांगेत उभं करणार. तिनं निळं एप्रन शिवायला घेतलंय. मी म्हटलं, चित्रात निळं कुठलं दिसणार, सगळं राखाडीच. म्हणाली, "मला माहीत असलं म्हणजे झालं ना आजी."

पोरीला खाली नदीपलीकडच्या गिरणीतूनही बोलावणं आहे. तिथल्या बाईनं जागा धरून ठेवलीय, ईस्टरपर्यंत सांग म्हणाली. मॅव्हिस विचारात आहे. मी म्हटलं, अगं, आता तर तू टेलिव्हिजनवर येणार, आता कशी सोडून जाशील.

गुरुवार, २७ मार्च

लिहायचं आहे. बघते कसं जमतं.

माझ्या खोलीत अठरा माणसं होती. बहुतेक जुन्या विणणाऱ्या बायका, कामावरून उतरलेल्या. सेलिनाही आली. तिनं खुर्ची घेतली नाही, दाराशी उभी राहिली. कुणीतरी म्हणालं, "बस की गं, राणीला बोलावणं धाडायचंय का?" तशी जिन्याच्या पायरीवर बसली.

शेड दिसली. मला एकदम तेलाचा वास आला, खरंच आला. मॅव्हिस दिसली, पाठमोरी, मग बाजूनं, धोटा बदलताना. सगळ्यांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. पेल्हमसाहेब माईकसमोर बोलला, या गिरणीला शंभर वर्षं झाली, पुढची शंभरही अशीच जावोत. सगळ्यांना ते ऐकू आलं, मला दिसलं.

मग त्यांनी त्याला सोडलं आणि नुसता मागांचा आवाज लावला म्हणे. दुसऱ्या टोकाच्या कॅमेऱ्यातून अख्खी शेड दाखवायला लागले. सगळे माग एका ओळीत, किती सुंदर दिसतात ते मला कधी कळलं नव्हतं. आणि कोपऱ्यात, अगदी पुढे, पेल्हमसाहेब आणि विल्फ.

विल्फला ओठबोली येते. शेडमध्ये सगळ्यांना येते, एका पेल्हमसाहेबाला सोडून. म्हणून विल्फनं त्याला खांद्याला धरून मागांकडे पाठ करून उभं केलं, भिंतीकडे तोंड करून. आपलं बोलणं बायकांना दिसू नये म्हणून. आणि कॅमेरा त्याच भिंतीशी होता. लांबचं टिपणारा होता, त्यांना वाटलं असेल आपण त्यात नाही.

साहेबाचं तोंड सरळ आमच्याकडे होतं. तो म्हणाला, "जूनमध्ये, विटसनच्या सणाला, ऑर्डर संपते. मग दोन्ही शेड बंद. माग भंगारात गेले समजा. तोवर कुणाला वास लागता कामा नये."

माझ्या खोलीतल्या हसणाऱ्या बायका थांबल्या. सगळ्यांनीच वाचलं होतं.

विल्फनं साहेबाच्या कानाशी बोलताना हात वर केला होता. जॉबरांची सवय असते, बोटं मिशीवर ठेवायची. निम्मं तोंड झाकलेलं होतं. पण त्या तोंडाला बोलायला मी शिकवलंय. मला खालचा ओठ आणि हनुवटी पुरते. तो म्हणाला, "कुणाला पत्ता नाही साहेब. गल्लीत काय चालतं ते माझी म्हातारी सगळं सांगते मला. साइक्सबाईचंही तिच्याकडूनच कळलं. एक पेटी आणून दिलीय, खूश आहे ती."

मग मॅव्हिस पुन्हा दिसली. हसत होती.

सेलिना उठून पेटीसमोर आली, माझ्याकडे तोंड करून. "झिले, साहेबाचं वाचलं मी. तुझा विल्फ काय म्हणाला? त्याचा हात आड आला मला. तुझ्याइतकं कुणाला वाचता येत नाही."

अठरा तोंडं माझ्याकडे.

मी म्हटलं, "तो म्हणाला, असं करू नका साहेब. माझ्या माणसांना मी काय तोंड दाखवू."

सेलिनाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "चांगला निघाला तुझा लेक. मी उगाच त्याच्यावर संशय घेत होते."

मॅव्हिस आली ती उड्या मारत. "आजी, दिसले मी?"

"दिसलीस गं."

"आणि एप्रन?"

"निळं दिसत होतं," मी म्हटलं.

मग बायकांनी तिला साहेबाचं सांगितलं.

शुक्रवार, २८ मार्च

सगळ्या मिळून पेल्हमसाहेबाच्या कचेरीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. तो म्हणाला, तुम्ही बहिऱ्या बायकांनी राखाडी चित्रात ओठ पाहिले, तो काय पुरावा झाला. कुणीतरी म्हणालं, ते चित्र परत लावून बघू. पण ते राहत नाही म्हणे. दाखवलं की संपलं. सेलिनानं तरी बीबीसीला पत्र टाकलंय.

मग बायकांनी आपल्या बाजूनं बोलायला एक माणूस निवडला. सगळ्यांचं एकमत झालं. विल्फ.

तो संध्याकाळी मासा घेऊन आला. मी म्हटलं भूक नाही. त्यानं विचारलं गल्लीत काय म्हणतात. म्हटलं, थंडी फार आहे म्हणतात.

शुक्रवार, ११ एप्रिल, गुड फ्रायडे

विल्फ चॅपेलच्या पायऱ्यांवर उभा राहून सगळ्यांना म्हणाला, साहेबाशी बोललोय. ही ऑर्डर वेळेआधी आणि निर्मळ उतरवून दिली तर पुढची मोठी ऑर्डर इथेच राहील. पण आता कुणी दुसरीकडे गेलं तर साहेब म्हणेल, यांचा तरी कुठे भरवसा आहे. मी खिडकीतून सगळं वाचलं. बायका माना हलवत होत्या.

मॅव्हिस घरी आली आणि म्हणाली, "नदीपलीकडच्या बाईला नाही म्हणून सांगितलं. मामा म्हणाला थांब. मामा साहेबाशी भांडला ना आपल्यासाठी, तूच पाहिलंस. मग मी कशी जाऊ?"

मी स्वयंपाकघरात गेले आणि केटली भरली. भरलेलीच होती, ती ओतून पुन्हा भरली. परत येऊन सांगेन असं ठरवलं होतं. आले तर ती निळं एप्रन इस्त्री करत होती.

उद्या सांगेन.

मंगळवार, ६ मे

बीबीसीचं पत्र आलं सेलिनाला. फार सभ्य भाषेत आहे. थेट कार्यक्रम साठवलेले नसतात, कळवण्यास खेद वाटतो. सेलिना म्हणाली, "जाऊ दे. आपण अठरा जणांनी पाहिलंय. आणि तू तर सगळंच वाचलंस."

बायका दुपारची सुट्टीही घेत नाहीत. ऑर्डर आठवडाभर पुढे आहे. मॅव्हिसच्या बोटांना चिरा पडल्यात, रात्री लोकरीची चरबी लावून देते.

शुक्रवार, ३० मे

ऑर्डर काल उतरली. आज सकाळी भोंगा वाजला नाही. मला भोंगा ऐकू येत नाही, पण त्यामागोमाग माग सुरू झाले की खाटेखालची फरशी थरथरते. आज थरथरली नाही, म्हणून जाग आली.

फाटकाला साखळी. भंगारवाला आतून हातोडा घेऊन सुरू झालाय.

विल्फ आला. ब्रॅडफर्डला चाललाय, साहेबाच्या दुसऱ्या गिरणीत, घरासकट जागा आहे. मॅव्हिस मोरीशी, आमच्याकडे पाठ करून, भांडी घासत होती. तो दारात उभा राहून म्हणाला, "मी माझ्यापरीनं केलं आई."

मी खुर्चीतून हलले नाही. आवाज काढला नाही. नुसत्या ओठांनी, खोलीच्या या टोकावरून त्या टोकाला, त्याचीच वाक्यं त्याला परत दिली. गल्लीत काय चालतं ते माझी म्हातारी सगळं सांगते मला. साइक्सबाईचंही. एक पेटी आणून दिलीय. खूश आहे ती.

त्यानं सगळं वाचलं. वाचता येतं त्याला, चांगलं शिकवलं होतं मी. माशांचं पुडकं टेबलावर ठेवलं, टोपी घातली आणि गेला.

मॅव्हिसनं वळून विचारलं, "मामा गेला पण? काही न बोलता?"

रविवार, १ जून, विटसन

मुलं नवे कपडे घालून घरोघर दाखवायला येतात, त्यांच्या खिशात पेनी टाकायची असते. सकाळी तीन आली. मग मी मॅव्हिसला आणि सेलिनाला बसवलं आणि सांगितलं. डिसेंबरपासूनचं सगळं. रांगेतलं बोलणं मीच नेलं, पहिला शनिवार मीच सांगितला. आणि त्या संध्याकाळी विल्फ काय म्हणाला ते, शब्दाला शब्द.

सेलिनानं शेवटपर्यंत माझ्या तोंडाकडे पाहिलं. एक शब्द चुकू दिला नाही. मग उठली, रस्ता ओलांडला आणि आपल्या खिडकीचा पडदा ओढला. दुपारपर्यंत गल्लीला कळलं होतं. सणाची मिरवणूक गेली तेव्हा मी दारात उभी होते. बायका ओळीनं माझ्यासमोरून गेल्या, आणि माझ्यापाशी आलं की तोंडं दुसऱ्या अंगाला. डोरकासला तीन आठवडे मिळाले होते.

बुधवार, ४ जून

मॅव्हिस लीड्सला गेली, बिस्किटांच्या कारखान्यात. बॅग भरताना बोलत होती. माझ्याकडे पाठ होती. बराच वेळ बोलत होती, खांदे हलत होते, मानेची शीर ताठली होती. मी म्हटलं, "पोरी, इकडे बघून बोल, मला कळत नाही."

ती तशीच बोलत राहिली. संपल्यावर बॅग उचलली आणि गेली. काय म्हणाली ते मला कधीच कळणार नाही.

निळं एप्रन खुंटीला आहे. टेलिव्हिजन लावला. तिथे एक बाई केस नीट बसवून उभी होती. सरळ माझ्याकडे बघून, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, शुभ संध्याकाळ.